नानांच्या वाइनला लसणाची फोडणी

वाइनला फोडणी देतात, हे मला साडूंच्या घरी कळलं. त्याआधी मी वाइनचा जाणकार होतो.

जाणकार म्हणजे काय, तर एलटीसी घेऊन एकदा गोव्याला जाऊन आलो होतो. तिथे प्यायलो लिंबू सरबत, पण जळगावला परतल्यावर सासरच्या मंडळींत अशा काही थापा ठोकल्या, की साक्रीकडच्या माझ्या साडूंनी, म्हणजे नानांनी, निरोपच धाडला, "द्राक्षांची वाइन केली आहे. चाखायला या!"

नानांची बाग अर्ध्या एकराची. वाइन लालभडक. आणि नानांना अभिमान एकाच गोष्टीचा.

"साखर नही, दवाई नही, काहीच टाकेल नही! बठ्ठं द्राक्षनंच शे!"

नानांच्या बायकोचा, माझ्या थोरल्या मेहुणीचा, म्हणजे अक्कांचा मात्र त्या वेलींवर भारी राग. "पाव्हणा, खरं सांगा. चांगली नही निंघनी ते सकायच वेली उपाडीसन कांदा लावसूत!"

म्हणजे नानांच्या बागेचा निकाल माझ्या जिभेवर! ("ह्यांना चहात साखर नसली तरी कळत नाही," बायको पुटपुटली.)

मी पेला नाकाला लावला, डोळे मिटले आणि घोट घेतला. अरे देवा! आंबटढाण! वाईट म्हणावं तर वेली जातात, चांगली म्हणावं तर दुसरा पेला येतो. मग मी जाणकारासारखी मान हलवली. "उत्तम! फक्त... काहीतरी कमी आहे."

संपलं! खानदेशातल्या बाईला असं सांगून कुणी सुखाने घरी गेलंय का? अक्कांनी वाइनचं पातेलंच चुलीपाशी ओढलं.

"मीठ कमी शे!" मीठ पडलं. तळहातावर वाइन घेऊन अक्कांनी चाखली. "आते गूळ!" पुन्हा तळहात. "हिरवी मिरची!" पुन्हा तळहात. नाना पातेल्याभोवती नाचायला लागले, "अवं, त्यामा काही टाकतस नहीत वं!"

"तुम्ही चूप बसा! पाव्हणाले कमी लागनं ना?" अक्कांनी लसूण ठेचला, पळीत तेल तापवलं आणि... चर्रर्र!

प्रत्येक वेळी पेला माझ्यापुढे. "आते?"

"जवळ आलंय..." (माघार घेणार कशी? गोव्याच्या इज्जतीचा प्रश्न!)

नानांचे डोळे भरून आले होते. मिरचीने की दुःखाने, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चाखता चाखता अक्कांचे तळहातावरचे घोट बरेच झाले. एकदम त्या फिस्सकन हसल्या. मग खो खो हसल्या. डोक्यावरचा पदर घसरला आणि ज्या बाईने नवऱ्याचं नाव उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं होतं, तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "दगडूऽऽ! एक बी वेल उपाडशी ते देख मंग!"

नाना मटकन खालीच बसले. पण वेली वाचल्या!

तेव्हापासून दर वर्षी वाइन होते, काहीही न घालता. चवीचा निकाल अक्का देतात. मलाही आग्रहाचं बोलावणं असतं, आणि माझा पेला अक्का वेगळा काढून ठेवतात. मीठ, गूळ, मिरची, वर लसणाचा तवंग.

"पाव्हणाले तशीच आवडस!"

मी डोळे मिटतो, घोट गिळतो आणि म्हणतो, "उत्तम! आता काहीच कमी नाही."