अनलिमिटेड बोलणं

पंचवटीतल्या त्या गल्लीत रंगूबाईला सगळे मुकी म्हणत. सुवर्णाला विचाराल, तर आईइतकी बडबडी बाई तिनं दुसरी पाहिली नव्हती. रंगूबाई दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला. शाळेत घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मखमलाबादच्या मळ्यात फुलं तोडत ती वाढली आणि सावळीरामाशी लग्न करून फुलं ओवायला पंचवटीत आली. ती घरी गजरे करायची, तो फुलबाजारात विकायचा. नवरा स्वभावानं देवमाणूस, पण खुणांच्या बाबतीत अगदीच ढ. जेव, चल, दोरा संपला, एवढ्या तीन खुणांवर त्यानं पंचवीस वर्षं संसार रेटला.

रंगूबाई बोलली ती लेकीशी. सुवर्णाला ऐकू यायचं, पण तोंडानं आई म्हणायच्या आधी ती हातानं म्हणाली होती. मायलेकींनी मिळून घरातल्या घरात एक भाषाच उभी केली. मिशीवरून बोट फिरवलं की बाबा. चिमटीत नाक धरलं की शेजारच्या यशोदाबाई, कारण त्या जिथंतिथं नाक खुपसायच्या. दोन्ही तळवे पोटावर म्हणजे बाळ. तळहातावरून फुंकर मारली की 'गेलं', मग ती वीज असो, एसटी असो, की माणूस. ही भाषा येणारी माणसं जगात दोनच होती.

दोन हजार सहा साली सुवर्णाचं लग्न झालं आणि जावई ज्ञानेश तिला घेऊन सिंगापूरला गेला. तिथल्या कारखान्यात तो मशिनं दुरुस्त करायचा. इकडे रंगूबाईचे हात ओवण्यापुरते उरले. सावळीराम लेकीशी फोनवर बोलायचा आणि फोन ठेवून बायकोला नुसती मान डोलावून दाखवायचा, की बरी आहे. अर्धा तास बोलणं, आणि आईच्या वाट्याला ही एवढीशी मान! सुवर्णानं पूर्वी तिला अक्षरं शिकवून पाहिली होती. पण 'अ' म्हणजे काय, तर एक आवाज. आणि आवाज म्हणजे काय, हे त्या माउलीला कोण सांगणार? तो नाद दोघींनी सोडून दिला होता.

दोन वर्षांनी सुवर्णा माहेरी आली, तेव्हा तिनं जुना कॉम्प्युटर, कॅमेरा आणि ब्रॉडबँड घेऊन दिलं. प्लॅन अनलिमिटेड. फॉर्म भरून घ्यायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, "कितीही वापरा काका, दिवसभर चालू ठेवा." सावळीरामानं तो शब्द फक्त थाळीच्या पाटीवर वाचलेला. आपल्याकडं पंगतीत 'पुरे' जेवणारा म्हणतो, वाढपी म्हणत नाही. तसंच हेही असणार, असं त्या भोळ्या जिवाला वाटलं.

मग काय, दुपारी बारा वाजले की रंगूबाई कॅमेऱ्यापुढं परडी घेऊन बसायची. तिकडं सुवर्णा स्वयंपाक करायची, इकडं ही गजरे करायची, आणि मधेच दोरा टाकून दोघींचे हात सुटायचे. यशोदाबाईंच्या नाकाची तर सिंगापुरापर्यंत बदनामी झाली. गजरे कमी होऊ लागले, पण सावळीरामानं कधी कुरकुर केली नाही. बायकोला हसताना बघून त्यालाच बरं वाटायचं.

तिसऱ्या महिन्याच्या बावीस तारखेला चित्र फुटलं. लेकीच्या तोंडाच्या जागी चौकडे चौकडे, आणि हात कोपरात गोठलेला. विचारल्यावर कंपनीनं सांगितलं, की वापर ठरावीक मर्यादेपलीकडं गेला की वेग आपोआप कमी होतो. अनलिमिटेडला मर्यादा! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, ते हेच. पुढं दोघींनी वेळ आवरून पाहिला, तरी महिन्याचा शेवटचा आठवडा हमखास वाया जायचा. त्या दिवसांत सुवर्णा एकेक खूण धरून ठेवायची आणि त्यातली निम्मी आईपर्यंत पोचायची.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात, चोवीस तारखेला, सुवर्णानं सकाळीच कॉम्प्युटरवर फोन लावला. सावळीराम बाजारात होता. पडदा लुकलुकताना पाहून रंगूबाईनं नेहमीचं बटण दाबलं. चित्र दोनतीनदा हललं आणि थांबलं. चेहरा ओळखू येत नव्हता, पण खूण स्वच्छ होती. दोन्ही तळवे पोटावर.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. रंगूबाईनं वाट पाहून पाहून विचारणंही सोडलं होतं. तिनं टाळ्या वाजवल्या, पडद्यावरच्या लेकीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, परडीतला गजरा उचलून मॉनिटरवर घातला आणि तोंडभर हसली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. तेवढ्यात पडदा काळा झाला. मशीनच ते, बंद पडलं असेल, असं म्हणून ती उठली आणि अख्ख्या गल्लीला साखर वाटून आली.

सुवर्णा सांगत होती ते असं : बाळ होतं, गेलं. तीन महिने भरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नसतं, हे तिला आईनंच शिकवलेलं, म्हणून तिनं ते आईपासूनही लपवलं होतं. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. दवाखान्यातून आल्यावर सगळ्यांत आधी आईला सांगायचं, म्हणून ती बसली होती. तिची फुंकर नाशिकला पोचलीच नाही. रंगूबाईचं हसणं मात्र, तुकड्यातुकड्यानं का होईना, तिकडं पोचलं.

संध्याकाळी जावयाच्या फोनवरून सावळीरामाला कळलं. तो घरी आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. गल्लीतल्या बायका त्याला वाटेतच पेढे मागत होत्या. हे कोणत्या खुणेनं सांगायचं, ते त्याला येत नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मग केली, ती येत होती तीच खूण : दोरा संपला. रंगूबाईनं मॉनिटरवरचा गजरा काढून परडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सावळीरामानं कंपनीला फोन लावला.

"म्याडम, आठवडाभर तरी स्पीड द्या. माझ्या बायकोला पोरीशी बोलायचंय."

"सर, बोलण्यासाठी एवढा डेटा लागत नाही. तुमचा वापर घरगुती वाटत नाही."

"अवो, तिला ऐकू येत नाय. ती हातानं बोलती. तिला चित्र लागतं, नायतर लय घोळ होतो."

"एक तारखेला आपोआप सुरळीत होईल, सर," ती मुलगी म्हणाली. तिच्या हातात तरी काय होतं म्हणा.

एक तारखेला चित्र नितळ आलं. लेक वाळली होती. रंगूबाईनं डोळ्यांवर हात आडवा धरला, पडद्याकडं बोट केलं, छातीवर मूठ मारली. दिसलं नाही ग मला, दिसलंच नाही. सुवर्णानं मान हलवली. कळलं म्हणाली. खरंच कळलं होतं तिला, रागही नव्हता. पण त्या दिवसापासून ती मोजकंच बोलू लागली.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. सांगितलं तिनं बापाला, फोनवर, आणि तेही पाचव्या महिन्यात. रंगूबाईला ते यशोदाबाईंनंतर कळलं. महिन्याची तीन तारीख होती, चित्रात कुठं दोष नव्हता. तिनं लेकीला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

सुवर्णानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, तू हसलीस की मला तो दिवस दिसतो.

रंगूबाईनं मान डोलावली. तेव्हापासून कॅमेऱ्यापुढं बसली की ती तोंडावर पदर धरते. एक हात त्यातच अडकतो. उरलेल्या हातानं जेवढं बोलता येईल, तेवढंच ती लेकीशी बोलते.