मिरजेतली रंगीत तालीम

कुठंही निघायचं म्हटलं की कांबळेबाईंचे हात गार पडत. त्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, मी मराठी. सहल नुसती आजऱ्याला जायची असली, तरी आदल्या आठवड्यापासून त्यांना जेवण जात नसे. त्याच बाई निवृत्त झाल्यावर मला आणि राजाक्काला म्हणाल्या, "महिनाभर रेल्वेनं युरोप फिरूया. पॅरिसला सुरू करायचं, गोल फिरून परत पॅरिस."

राजाक्का कुरुंदवाडची, शाळेत शिवण शिकवणारी, धीट बाई. तिनं लगेच होकार दिला. मी विचारलं, "बाई, तुम्हाला झेपेल?"

"न्हाय झेपणार. पण जन्मभर पोरींना नकाशावर डॅन्यूब दाखवली. आता एकदा काठावर उभी राहून बघायची हाय."

मग दर रविवारी त्यांच्या घरी नकाशा पसरायचा. मार्ग ठरत आला की बाईंचे प्रश्न सुरू. "गाडी उशिरा आली तर? पुढची चुकली तर? तिथं आपलं कोण हाय?" त्यांची धास्ती हळूहळू मलाही लागली. व्हिसा मिळाला त्या रात्री मी परतीच्या तिकिटाची तारीख तीनदा तपासली.

शेवटी बाईंनी गाडी बदलायची रंगीत तालीम काढली. सामान घेऊन मिरजेला जायचं, जिना चढून पलीकडच्या बेळगावच्या गाडीत बसायचं आणि सुटायच्या आत उतरायचं. हमालाला हात लावू द्यायचा नाही.

ठरल्याप्रमाणं तिघी चढलो, आणि बाई आणि मी वेळेत उतरलो. राजाक्का बाकाखालची बॅग ओढत राहिली आणि गाडी हलली. तिच्याकडं मोबाइल नव्हता. ती खिडकीतून काहीतरी ओरडली, ते ऐकू आलं नाही. बाई फलाटावरच खाली बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांच्या ओठांवरून खाली सांडलं.

मग त्या सांगू लागल्या. लहानपणी त्यांची आई अशीच एका स्टेशनावर पाणी भरायला उतरली होती आणि गाडी सुटली होती. "आई दुसऱ्या दिवशी सापडली. पण माझ्या पोटातली ती गाडी काही थांबली न्हाय बघ," त्या म्हणाल्या. "मी येत न्हाय. तुम्ही दोघी जावा."

दुपारच्या परतीच्या गाडीनं राजाक्का परत आली. बॅग खांद्यावर, ओच्यात पेरू. पुढच्या शेडबाळ स्टेशनावर उतरले, एका बाईनं चहा पाजला, कानडीत गप्पा झाल्या, असं सांगत तिनं बाईंच्या हातात पेरू ठेवला. "चुकलो, तर परत आलो की. एवढं काय त्यात?"

बाईंनी पेरूचा एक घास घेतला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू. आता बेळगावची न्हाय, पुण्याची गाडी." त्या दिवशी आम्ही आणखी दोनदा तो जिना चढलो.

युरोपात गाडी बदलताना दर वेळी बाईंचा हात माझ्या हातात असे आणि तो गारच असे. व्हिएन्नाला डॅन्यूबच्या काठी मात्र त्यांनी हात सोडवून घेतला. कितीतरी वेळ त्या एकट्याच उभ्या होत्या. महिन्याच्या शेवटी पॅरिसला उतरल्यावर म्हणाल्या, "संपलं व्हय? पुढच्या वर्षी कुठं?"

पुढच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. आम्ही ठरलेलं केरळला जाणं रद्द करणार होतो, तर रागावल्या. "तुम्ही जावा. मी हितं पडून तुमची काळजी करते. तेवढं मला येतंय."

आम्ही निघायच्या आतच त्या गेल्या. काही महिन्यांनी राजाक्का आणि मी केरळला निघालो. गाडी सुटली, सामान जागेवर होतं, तिकिटं बरोबर होती. राजाक्कानं डबा उघडला आणि तसाच बंद केला. आमची काळजी करायला आता कोणी नव्हतं, आणि मिरजेला त्या जिन्यासमोर गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघींनी पुन्हा एकदा सामान मोजलं.