ढग नव्हे, इर्जिक

सोनाळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या राबियाची वेबसाइट ऐन बोंडअळीच्या हंगामात बंद पडली. बीटी कपाशीला ही अळी लागत नाही, असं बियाणं विकताना सांगितलं गेलं होतं. म्हणून राबियाने गावच्या शेतकऱ्यांच्या किडक्या बोंडांचे फोटो, ज्याच्या त्याच्या नावासकट, साइटवर मांडले होते. सहाशे बारा फोटो. सोमवारी नुकसानभरपाईसाठी सरकारी पाहणी पथक यायचं होतं. लोकांनी तर वैतागून उभ्या कपाशीत नांगर घातला होता. पुरावा उरला होता तो एवढाच.

साइटला भाड्याने जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याने फोनवर सांगितलं, बघणाऱ्यांची गर्दी फार झाली; वीस-पंचवीस फोटो ठेवा, बाकीचे काढा.

"कोणाचं बोंड काढू?" राबियाने विचारलं आणि फोन ठेवला.

तिची साइट दूर कुठेतरी एकाच मशीनवर, शेकडो साइटींच्या दाटीत बसली होती. जागा ठरलेली, ताकद ठरलेली. फोटोंची प्रत तिच्याजवळ होतीच. तिने क्लाउड होस्टिंग घ्यायचं ठरवलं.

क्लाउड म्हणजे ढग, हे कळल्यावर शेजारचा म्हातारा तुळशीराम हसला. "ढगाच्या भरवशावर कपाशी ठेवली, आता फोटोही ठेवून राह्यली काय?"

"काका, नाव ढगाचं हाय, काम इर्जिकीचं. आधी बैलाची एकच जोडी होती. थे बसली, का वावर पडलं. आता पुष्कळ मशीन मिळून ओढतीन. एक थकली तर दुसरी जू घेते. काम वाढलं तर आणखी जोड्या येते."

इर्जिक तुळशीरामला समजवावी लागत नव्हती. त्याची बायको गेली त्या साली गावाने आपापली औतं आणून त्याचं वावर एका दिवसात पेरून दिलं होतं. तो पुढे सरकून स्क्रीनपाशी बसला.

"मंग माह्यं बोंड पयले चढव."

सोमवारी ग्रामपंचायतीत पथकाचे साहेब म्हणाले, वेळ कमी आहे, दोन-चार नमुने दाखवा. राबियाने नमुने निवडायला नकार दिला. मागून तुळशीराम उठला आणि त्याने जमलेल्या सगळ्यांना आपापल्या फोनवर साइट एकदमच उघडायला सांगितली. राबियाने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

साइट बसली नाही. प्रत्येक फोनवर बोंडं उघडत गेली.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. कुठून सुरू करायचं, त्यांनी विचारलं.

"एकपासून," राबिया म्हणाली. "सहाशे बारापर्यंत."