नवरा-नवरीकडे पाठ

शेवटच्या मंगलाष्टकाचं ‘सावधान’ झालं की मंडपातला झाडून सगळा माणूस नवरा-नवरीकडे बघतो. अंतरपाट खाली येतो, बँड कडाडतो, अक्षता उडतात, पोरं खुर्च्यांवर चढतात. नेमक्या त्या वेळी नवरा-नवरीकडे पाठ करून उभा असलेला एकच माणूस असायचा, आणि तोच त्या लग्नाचा फोटोग्राफर असायचा. ते आमचे आप्पा. सुरतेच्या लिंबायतमध्ये त्यांना सगळे ‘आप्पा फोटोवाले’ म्हणत. ज्यांच्या घरच्या लग्नात त्यांनी हा प्रताप केला होता ते ‘पाठमोरे आप्पा’ म्हणत.

त्यांच्याकडे कामाला लागण्याआधी मी एका साडीच्या दुकानासाठी कॅटलॉगचे फोटो काढत होते. हळदीला, बायकांच्या कार्यक्रमांना बाईमाणूस असेल तर बरं, म्हणून आप्पांनी मला बोलावलं. पहिल्याच लग्नात नवरीचा मामा तणतणत आला, “आप्पा, अंतरपाट सरला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता? लग्न नवरीचं होतं की तिच्या आजोबांचं?” आप्पा कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत शांतपणे म्हणाले, “दोन्ही.” मामा आणखी भडकला. माझी तर हातभर फाटली होती. पहिल्याच दिवशी मार खायची वेळ येते की काय! त्यानंतर कामाची वाटणी ठरून गेली. सावधानला मी नवरा-नवरी बघायचे आणि आप्पा उलट्या बाजूला.

त्या बाजूला त्यांना हवं असायचं ते एखादं म्हातारं माणूस. पहिल्या रांगेत आणून बसवलेली आजी, खांबाला टेकलेले कुणाचे तरी काका. आप्पा सकाळपासून ते हेरून ठेवत. त्या माणसाला ते कधी काही सांगत नसत, अल्बममध्ये तो फोटो कधी लावत नसत. आपल्या फोटोच्या दुकानात येऊन तो कॉम्प्युटरवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत. फोल्डरचं नाव ‘आशीर्वाद’.

मग वर्षाने, दोन वर्षांनी दुकानाच्या पायरीवर कोणीतरी डोकं भादरलेला मुलगा येऊन उभा राहायचा. “आप्पा, आमच्या बापूंचा एखादा चांगला फोटो असेल का हो? दशक्रियेला ठेवायला काहीच नाही. मोबाइलमध्ये आहेत ते सगळे हललेले.” आप्पा लगेच उठायचे. दहा मिनिटांत बापू पडद्यावर यायचे. फेटा बांधलेले, हात उचललेला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. तो मुलगा तिथेच पायरीवर बसून रडायचा. मी अशी किती माणसं त्या पायरीवर रडताना पाहिली, मलाच आता आठवत नाही. त्यातला एक तर तोच तणतणणारा मामा होता.

आप्पांच्या घरात त्यांच्या आईचा फोटो होता. तिची दोन्ही मुलं पोटासाठी सुरतेला, आणि ती तिकडे गावीच वारली. तिचा असा एकटीचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीच्या फोटोत मागे कुठेतरी ती उभी होती. तो नखाएवढा चेहरा वाढवून वाढवून त्याची तसबीर केलेली. डोळ्यांच्या जागी दोन डाग आणि डाव्या बाजूला कोणा अनोळखी बाईचा खांदा. आप्पा रोज त्या खांद्यासकट तिला फूल वाहायचे. एकदा मला म्हणाले, “माय, ह्या बाईले मी वीस वरीस पुजी राह्यनू. कोन शे ती, देव जाने.” मी हसले आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण ते हसत नव्हते.

माझं माहेर परभणीकडचं. आप्पांची अहिराणी मला आधी जेमतेम कळायची, पण त्यांचं ‘माय’ मात्र पहिल्या दिवसापासून कळलं.

त्यांचा कॅमेरा म्हणजे शिकाऊ लोक घेतात तसला, सगळ्यात साधा डीएसएलआर. त्याच्यासोबत डब्यातून आलेली तीच लेन्स शेवटपर्यंत. पकडायच्या जागेचं रबर सुटून लोंबायचं. आप्पा ते चपलेच्या सोल्युशनने चिकटवत. फोकसचे नऊ ठिपके होते, त्यातला मधला तेवढा भरवशाचा. “मधल्यावर डोया धरना, मंग कॅमेरा सरकावना,” हा त्यांचा सगळा अभ्यासक्रम. अंधार पडला की त्या कॅमेऱ्यात फोटो रवाळ यायचे, चेहऱ्यावर जणू रांगोळी सांडलेली. पण एका बॅटरीवर तो हळद, लग्न आणि पाठवणी एवढं सगळं उरकायचा आणि कधी अडला नाही.

आप्पांना कानांनी कमी ऐकू येई. फोटोच्या धंद्याआधी बारा वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात काढलेली. तिथल्या खडखडाटाने कान घेतले. त्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा फाटकन वर उडतो, मंडपात चार रांगा मागे ऐकू जाईल असा खटका होतो. आप्पांना तो गालाच्या हाडाला जाणवायचा. त्यावरून फोटो निघाला हे त्यांना समजायचं.

दोन वर्षांपूर्वी मी मिररलेस कॅमेरा घेतला. हातात असा मावायचा की कॅटलॉगवाल्या पोरी विचारायच्या, “दीदी, ये छोटा कैमरा किसलिये?” त्यात आरसाच नाही, त्यामुळे उडायलाही काही नाही. फोटो कसा येणार हे काढायच्या आधीच डोळ्याला दिसतं. अंधारात चेहरे स्वच्छ येतात. माणूस समोर आला की कॅमेरा स्वतःच त्याचा डोळा शोधतो आणि सोडत नाही. मी हौसेने तो आप्पांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्याला लावला, माझ्याकडे रोखला, बटण दाबलं आणि तसेच उभे राहिले.

“काढलात की आप्पा.”

“कव्हय?”

“आत्ताच. बारा निघालेसुद्धा.”

“बारा?” त्यांनी कॅमेरा खाली घेतला. “बारा काढस, तं देखस कव्हय माय?”

मला राग आला. वस्तू नवी होती, मी हरखलेली होते, आणि ह्यांचं आपलं खोड काढणं. मी म्हटलं, “तुमच्या कॅमेऱ्याइतकी ह्याची बॅटरी टिकत नाही, बाकी सगळं शंभर पटींनी चांगलं आहे.” ते म्हणाले, “शे ना. मी कोठे नही म्हन्तो?” आणि चहा सांगायला गेले.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसलेली होती. आप्पा सावधानपर्यंत थांबतात ते त्या खटक्यापायी. म्हाताऱ्या माणसाला आपला एकट्याचा फोटो निघाल्याचं कळलं की तो मनात काहीबाही आणतो; ‘भिंतीवर लावायचा दिसतो’ म्हणतो. म्हणून बँडच्या कडकडाटात खटका लपवायचा. आता माझ्या कॅमेऱ्याचा आवाजच बंद करता येत होता. मग कशाला थांबायचं?

आप्पांना तेव्हा धाप लागायला सुरुवात झाली होती. एका लग्नाला ते येऊ शकले नाहीत, मी एकटीच गेले. मुहूर्त संध्याकाळचा होता, दुपारच्या पंगतीत नवऱ्याचे आजोबा जेवत होते. मी आवाज बंद करून, चार हातांवरून त्यांचे दणादण फोटो काढले. त्यांना पत्ताही लागला नाही. काम झालं म्हणून सावधानला मी निवांत नवरा-नवरीकडे वळले. स्वतःवर खूशही झाले.

महिन्याभरात ते आजोबा गेले. त्यांचा मुलगा पायरीवर आला. मी फोल्डर उघडलं आणि पहिलाच फोटो मोठा केला. हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली आवाज बंद ठेवून फोटो काढला, तर कधी कधी त्यावर आडवे पट्टे येतात. मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी घाईत मी नीट पाहिलंही नव्हतं. एकूण एक फोटोत आजोबांच्या चेहऱ्यावर काळसर पट्टे, जणू गजांआड बसलेत. आणि तोंडात घास. मुलाने एकेक करून सगळे फोटो बघितले. मग म्हणाला, “ताई, बाबा जेवताना असे नव्हते दिसत.” त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी दोन दिवस बसून पट्टे पुसले. घास पुसता येईना. मी शेजारी बसून रडवेली होऊन म्हणाले, “आवाज चालू ठेवायला हवा होता. तुमच्यासारखा खटका बँडच्या आवाजात लपवला असता.”

आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. “माले तो खटका आयकू येस का? मंग मी कसाले लपाडू?”

इतकी वर्षं बरोबर काढली, आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“सावधानले म्हतारा मानूस सोताले इसरी जास,” ते म्हणाले. “मांडवमा कोनी त्यानाकडे देखस नही. तो पोरेस्ना भलं मांगस आनि हात उचलस. तो चेहरा तेवढाच टाइम ऱ्हास. मांगेपुढे मिळस नही.”

फोल्डरचं नाव मी शकुनासाठी ठेवलेलं टोपणनाव समजत होते. आत खरोखरच तेच होतं. शेकडो माणसं, हात उचललेली, तोंडाने आशीर्वाद पुटपुटणारी. गेलेल्या माणसाने घरच्यांना भिंतीवरून रोज तसंच बघावं, एवढीच आप्पांची इच्छा होती. मला त्या दिवशी माझी लाज वाटली, आणि आप्पांचा अभिमान वाटला. दोन्ही एकदम.

एवढ्या माणसांचे फोटो काढले, पण त्यांचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. कुणी कॅमेरा रोखला की ते तोंड फिरवायचे. “माले भितडावर लावानी घाई शे का?” म्हणायचे. थट्टा होती, पण फिरवलेलं तोंड परत वळायचं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या वैशालीचं लग्न ठरलं. एकुलती मुलगी, आई आधीच गेलेली. डॉक्टरांनी तोवर आप्पांच्या हृदयाचं काय ते सांगून टाकलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात पसरून वैशाली मला म्हणाली, “ताई, पप्पांचा फोटो नाहीये. एकपण नाही. उद्या सावधानला तुम्ही माझ्याकडे बघू नका.”

“अगं, पण तुझा अंतरपाटाचा फोटो? दुसरं कोण आहे काढायला?”

“नसला तरी चालेल,” ती म्हणाली. “आमच्या घरात आजी कशी दिसायची ते कोणालाच माहीत नाही. माझ्या पोरांचं तसं नको व्हायला.”

मी हो म्हटलं. रात्रभर मला झोप लागली नाही. दिवसभरात एकच वेळ, आणि समोर तोंड फिरवणारा माणूस.

शेजारच्या डिंडोलीतल्या एका वाडीत, म्हणजे आमच्याकडच्या मंगल कार्यालयात, लग्न होतं. कन्यादानाला वैशालीचे काका-काकू बसले. आप्पांना धाप लागत होती, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिलेली. नवा सदरा, डोक्यावर टोपी, मुठीत अक्षता. मी नवा कॅमेरा घेतला, कारण संध्याकाळ होती आणि उजेड कमी. आवाज मात्र चालू ठेवला. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं. ‘सावधान’ झालं, बँड कडाडला, अंतरपाट खाली आला, आणि मी नवरा-नवरीकडे पाठ केली.

आप्पा माझ्याकडेच बघत होते.

आता तोंड फिरवतील, या भीतीने मी बटण दाबलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. हात उचलला आणि अक्षता टाकल्या. हातात बळ नव्हतं, त्या अर्ध्यातच खाली पडल्या असाव्यात. डोळ्याला कॅमेरा लावून मी रडत होते, त्यामुळे मला धड दिसलंही नाही. कॅमेऱ्याने त्यांचा डोळा धरून ठेवला होता, एवढं खरं.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. “काढा ना?” काढलास ना, असं ते विचारत होते.

“काय आप्पा?”

“मन्हा भितडावरला.”

खोटं बोलायचं बळ नव्हतं. “तुम्हाला कसं कळलं?”

“नवरीकडे पाठ करी उभी व्हती तू,” ते म्हणाले. “हाई माले नही समजाव तं कोनले समजी?”

“मग तोंड का नाही फिरवलंत? आणि अक्षता पोरीवर टाकायच्या की नाही!”

“तिन्हावर सारा गाव टाकी राह्यना व्हता.” त्यांना धाप लागली, थोडं थांबले. “फोटूवालावर कोन टाकस माय?”

चार महिन्यांनी आप्पा गेले. दशक्रियेला तो फोटो मीच नेला. टोपी, उचललेला हात, पुढे हवेत पाच-सहा पिवळे दाणे पुसट झालेले, आणि त्यांच्यामागे डोळे इतके स्वच्छ की पापणीचा केस न् केस मोजावा. जुन्या कॅमेऱ्याने मधले दाणे धरले असते आणि आप्पा पुसट आले असते. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. त्यांचा तो कॅमेरा माझ्याकडे आहे. अधूनमधून बॅटरी घालून एक खटका गालाला लावून घेते.

वैशालीच्या अल्बममध्ये अंतरपाटाचं पान कोरं आहे. तिच्या सासरच्यांनी विचारलं तर ती सरळ भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडे बोट दाखवते. परवा तिच्याकडे गेले होते. शेजारची एक बाई फोटोपुढे उभी राहून म्हणत होती, “हे असे कोणाकडे बघतायत गं? अक्षता जणू आपल्याच अंगावर येतायत.” वैशाली माझ्याकडे बघून हसली. मी पुढे झाले, पदर सावरला आणि आप्पांसमोर डोकं खाली केलं.