घरून खाऊन आलेली माणसं

आमची सून लुंबिनी घरात एका जागी बसत नाही. फोन आला की उठते आणि बोलत बोलत बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तर जाता जाता गॅस बंद करते, बोलणं नाही. माझा मुलगा हितेश म्हणतो, "आई, हिच्या पायाला मीटर लावलं असतं तर एव्हाना ही चालत नागपूरला पोचली असती."

मानेसरला मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणारा कारखाना आहे, तिथे ती एचआर हेड आहे. इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरातल्या शेजारणी मला विचारतात, "माँजी, बहू करती क्या है?" मी चौथी शिकलेली. मला समजलं तेवढं सांगते. वरचे लोक खालच्यांवर रागावले की हिला बोलावतात आणि खालचे वरच्यांवर रागावले की तेही हिलाच बोलावतात. पगार त्या रागाचाच मिळतो.

लग्न होऊन आली तेव्हा फरीदाबादच्या एका कारखान्यात लागली होती. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या शेडमध्ये बाईमाणूस ती एकटी. बाथरूम पार ऑफिसच्या इमारतीत, मैदान ओलांडून. म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. घरी आली की उभ्याउभ्या तांब्या रिकामा. मी म्हटलं, "अगं, तुझ्या कारखान्यात दुष्काळ पडलाय का?" तेव्हा कळलं. साहेबांना सांगून झालं होतं, ते हसले होते. मग एकदा साहेबांची बायको कारखाना बघायला आली. लुंबिनीनं तिला शेडमध्ये निवांत फिरवलं, आधी दोनदा चहा पाजून. महिनाभरात शेडजवळ बाथरूम उभं राहिलं. अशी आहे ती. भांडत नाही, वाट काढते. वाटा काढत काढतच वर चढली. मानेसरला गेली, बायकांना वेल्डिंगवर घ्यायला लावलं, त्यांच्यासाठी बस सुरू केली.

पण प्रत्येक ठिकाणी वाट निघते असं नाही. यंदाच्या विश्वकर्मा पूजेला ते कळलं.

ही पूजा सप्टेंबरात असते. त्या दिवशी मशिनी बंद, पुसूनबिसून त्यांना झेंडूच्या माळा. आम्ही बौद्ध, त्यामुळे पूजा पंडित करतो, बंदोबस्त लुंबिनी करते आणि जेवतात सगळे. एरवी कायमच्या कामगारांना निळा शर्ट आणि ठेकेदाराच्या माणसांना राखाडी. काम एकच, शर्ट दोन, जेवायच्या वेळाही दोन. पूजेच्या दिवशी मात्र सगळे घरचे कपडे घालून येतात, बायकापोरं आणतात. एकाच पंगतीला बसतात आणि साहेब लोक वाढतात. कोण निळा, कोण राखाडी, काही कळत नाही.

हेच नव्या साहेबांना, खुरानांना, नको होतं. युनियनची बोलणी चालू होती. निळे आणि राखाडी एकत्र बसले तर एकत्र होतील अशी त्यांना धास्ती. त्यांनी सांगितलं, यंदा ठेक्याच्या माणसांना जेवण डब्यात द्या, गेटवरच, आणि तिथूनच घरी पाठवा. नोटीस लुंबिनीच्या सहीनं निघायची होती. त्याच सुमारास तिन्ही कारखान्यांची मिळून एकच एचआर प्रमुख नेमायचा होता. लुंबिनीचं नाव पुढे होतं आणि शब्द खुरानांचा चालणार होता.

तो आठवडा तिनं फिरून फिरून आमच्या फरशीचं पॉलिश काढलं. मग एका संध्याकाळी खूश होऊन आली. हातात स्टीलचा चकचकीत डबा.

"आई, बघा. पाकीट नाही, चांगला डबा देणार. मटर पनीर, पुऱ्या, साजूक तुपातला लाडू. डबा त्यांनाच राहील."

मी लाडू खाल्ला. "छान आहे गं. आमच्या गावातही लग्न असलं की आम्हाला फाटकाबाहेर वाढायचे. तेही छानच असायचं. बुंदी असायची."

तिनं झाकण लावलं. "आई, हे ते नाही. हा सिक्युरिटीचा विषय आहे."

"मी कुठं काय म्हटलं? लाडू छान आहे म्हटलं."

ती बाल्कनीत गेली. फोन आला नव्हता, तरी फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली.

पूजेला घरच्यांना बोलावणं असतं. हितेश आणि मी गेलो. लुंबिनी जांभळ्या साडीत, हातात पुऱ्यांची परात. कँटीनच्या खिडकीतून गेट दिसतं. एक पुरी वाढली की एकदा तिकडे बघायची. तेवढ्यात गेटवरचा गार्ड आला.

"मॅडमजी, डिब्बा कोई ले नहीं रहा."

ती परात ठेवून निघाली. मी हितेशचा हात धरून मागोमाग. गेटबाहेर राखाडीवाले उभे होते, पण राखाडी कुणीच नव्हतं. धुतलेले शर्ट, तेल लावलेले केस, बायकांच्या डोक्यावर पदर. टेबलावर डब्यांची चळत, जशीच्या तशी. पुढेच रामसूरत होता, वेल्डिंगवरचा. याच्या बायकोच्या बाळंतपणात लुंबिनीनं फोनवर फोन करून दवाखान्यात खाट मिळवून दिली होती. तिनं स्वतः डबा उचलून त्याच्यापुढे धरला.

"लो ना, रामसूरत."

त्यानं हात जोडले. "मॅडमजी, हम तो घर से खाके आए हैं."

तिनं पुढच्याला विचारलं. तोही खाऊन आलेला. सगळेच खाऊन आलेले. रागावलं कुणी नव्हतं, तेच वाईट. हे वाक्य मला ओळखीचं आहे. माझे वडील भुकेले असले की हमखास हेच म्हणायचे.

लुंबिनी डबा हातात धरून उभी राहिली. मग गार्डला म्हणाली, "गेट खोलो."

"मॅडमजी, खुराना साहब से पूछ लें?"

"मैं कह रही हूँ ना. पूरा खोलो."

खुराना धावत आले. "लुंबिनी, ये क्या है? नोटीस तुमने निकाली है!"

"जी सर. मैंने निकाली थी, मैं ही वापस ले रही हूँ."

आत युनियनचा सतबीर बाकावर सरकला आणि ओरडला, "सरको रे सरको! आ जाओ भाई, पूड़ी ठंडी हो री सै." माणसं आत आली. लुंबिनी वाढत राहिली. भाजी एकदा पानाबाहेर सांडली.

ते मोठं पद गुडगावच्या एका गृहस्थांना मिळालं. खुराना आता तिच्याशी फक्त ईमेलवर बोलतात. दोघांच्या केबिनी समोरासमोर आहेत.

येरझाऱ्या मात्र वाढल्या. मी म्हटलं, "जाऊ दे गं. पद काय, आज नाही तर उद्या."

"पदाचं नाही, आई. रामसूरतला मी रोज चहा विचारते. तो म्हणतो, पी के आया हूँ."

"त्या दिवशी जेवला ना?"

"जेवला. पण नोटिशीवर माझं नाव होतं. ते त्यानं वाचलंय." ती थांबली. "किती दिवस म्हणेल असं?"

मी खरं तेच सांगितलं. "तुझे सासरे, ऑफिसात साहेबांनी चहा विचारला की 'पिऊन आलोय' म्हणायचे. रिटायर होईपर्यंत."

धीर द्यायला गेले होते. ती पुन्हा फिरायला लागली.

आता ती राखाडीवाल्यांच्या वेळेला कँटीनमध्ये जाते, रामसूरतच्या समोरच्या बाकावर बसून आपला डबा उघडते. मी त्यात एका माणसाचं जास्तच भरते. आल्या आल्या विचारते, "घेतलं का त्यानं काही?" ती मान हलवते. जास्तीचं रोज परत येतं.

काल डबा घासायला घेतला. वांग्याची भाजी तशीच होती. ठेचा मात्र जरा कमी वाटला. तिला विचारणार होते, पण फोन आला होता आणि ती बाल्कनीच्या टोकाला पोचली होती.