काकानं मऊ केलेली गाडी

सगळा दोष आमच्या विठ्ठलकाकाचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी तुम्ही माझ्यावर याल!

मी आयटीआय अर्ध्यात सोडली आणि एक जुनी काळीपिवळी व्हॅन घेतली. हिंगोली ते सेनगाव. रोजचं गिऱ्हाईक पक्कं, आठ गुरुजी. पण गाडी अशी आदळायची की चाकाखाली सरकी आली तरी कळायचं.

"पोरा, माझी मणक्याची चकती सरकली," जाधव गुरुजी म्हणाले. वर्गात खुर्चीवरून न उठणाऱ्या माणसाची चकती! "सोमवारपर्यंत गाडी मऊ कर, न्हाईतर आमी एसटीनं जातो."

घरी काका खाटेवर आडवा. त्यानं जन्मात एकदा ट्रॅक्टर चालवला, तोही विहिरीत घातला. तेव्हापासून गाव त्याला इंजिनियर मानतं.

"चाकावरच्या स्प्रिंगचे पाटे जास्त झालेत," खाटेवरूनच निदान. "मागचे दोन्हीकडून दोन-दोन काढ."

"काका, पाट्यावरच तर गाडी उभी ऱ्हाती!"

"शिकलेला तू का मी?"

खरं बघितलं तर दोघंही नाही!

काढले; काकानं ते पोत्यात भरून ठेवले. आणि खोटं कशाला बोलू, सोमवारी गाडी पाळण्यासारखी झुलली. जाधव गुरुजी चक्क घोरले. काका पारावर सांगून राहिला, "गाडी म्या मऊ केली!"

मंगळवारी शाळेपुढं रातोरात नवाच टाकलेला गतिरोधक आला. आठ गुरुजींसकट गाडीनं म्हशीसारखी बसकण मारली. बूड टायरवर टेकलं, चाक फिरेना. गुरुजी उतरून ढकलायला लागले आणि खिडक्यांतून लेकरांनी टाळ्या पिटल्या. गुरुजींना काम करताना ती पहिल्यांदाच बघत होती!

रिकामी गाडी कशीबशी मिस्त्रीकडे नेली. त्यानं टायरवर बोटं वाजवली, हवा मोजली.

"पस्तीसच्या जागी साठ? मंग आदळंल न्हाई तर काय! नुसती हवा कमी केली असती तरी भागलं असतं. भरली कोणं?"

मीच. टायर टणक राहिलं की डिझेल वाचतं, हा माझा शोध.

"जाऊ दे. जुने पाटे आण, चढवून देतो."

घरी पळालो. "काका, पाटे कुठं ठेवले?"

काकानं अभिमानानं पोतं उलटं केलं. चकचकीत डझनभर खुरपी!

"लोहाराकडून करून आणली. पाट्याचं पोलाद हाय, अशी धार बाजारात मिळती व्हय? निंदणी तोंडावर आली ना!"

"म्हंजे याच्यासाठी पाटे काढाय लावले?"

"म्या सांगितलं. पण तू काढले काहून? मेकॅनिकचं शिकलेलं पोरगं ना तू?"

आठही गुरुजी एसटीनं जातात. गाडी दारात विटांवर उभी आहे. नव्या पाट्यांचे पैसे जमेपर्यंत मी काकाच्याच सोयाबीनमध्ये रोजानं निंदून राहिलो, माझ्याच गाडीच्या खुरप्यानं.