आक्कांनी लावलेली कडी

यमुनाआक्का आजाऱ्याला भेटायला यायच्या आणि आजाऱ्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. खाटेवरच्या माणसाची विचारपूस सगळं गाव करतं, मग मी कशाला करू, असं त्यांचं म्हणणं. त्या पातेल्यांची झाकणं उघडून बघायच्या आणि घरातल्या बाईला विचारायच्या, "तू कवा जेवली?"

आमच्या घरीही त्या अशाच आल्या. शेवगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता आणि नवरा श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात नोकरीला, तो रविवारी यायचा. सासूबाईंची कूस बदलायची, अंग पुसायचं, पळीपळीने पाणी पाजायचं, सगळं माझ्या एकटीवर. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. माणसं मायेने यायची, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येकाच्या मायेचा चहा मलाच उकळावा लागायचा. एकदा अशाच बायका गप्पा मारत बसल्या असताना आक्का आल्या. म्हातारी बघून झाली असेल तर उठा आणि जाता जाता आपापल्या कपबश्या विसळून ठेवा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बायकांना राग आला, पण कपबश्या विसळल्या. मी तोंडाला पदर लावून हसले. हसायचं कसं असतं तेच मी विसरले होते.

त्याच दिवशी आक्कांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बैलालाबी दुपारचं सोडत्यात, पोरी. तुला कोन सोडनार?" मला त्यांनी आपल्या घरी नेलं, चटई टाकून दिली, बाहेरून कडी लावली आणि स्वतः जाऊन माझ्या सासूबाईंजवळ बसल्या. मी आतून दार बडवलं. कोणी उघडेना. रडता रडताच कधीतरी झोप लागली.

मला धाक एकाच गोष्टीचा होता. माझा डोळा लागला आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई गेल्या, तर? सून झोपून राहिली, हे लोक जन्मभर बोलतील. लोकांचं सोडा, मीच मला बोलेन. दुसऱ्या दिवशी हे आक्कांना सांगितलं, तेव्हा त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांचा नवरा चिंचेच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. नवरा माझा, त्याचं मीच करणार, या हट्टापायी त्यांनी जावांनाही त्याला हात लावू दिला नाही. आणि एक दिवस त्या स्वतःच मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. संध्याकाळी शेजारीण डोकावेपर्यंत तो खाटेवरून हाका मारत होता आणि यांना उठता येत नव्हतं.

"पानी पानी करत हुता, आन मी समोर पडल्याली," त्या म्हणाल्या. "तिरडीलाबी खांदा बदलत्यात. आजारपनाला न्हाई बदलायचा व्हय?"

त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुःख उगाळत बसणारी माणसं मी ढिगाने पाहिली होती. त्या दुःखातून दुसऱ्याच्या उपयोगाची रीत काढणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढे रोज दुपारी कडी लागू लागली आणि मी दार बडवायचं सोडून दिलं. अन्न गोड लागायला लागलं. सासूबाईंवर खेकसणं थांबलं. उलट त्यांची वेणी घालताना मी त्यांना गल्लीतल्या गमती सांगायचे आणि त्या अर्ध्या तोंडाने हसायच्या.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आक्कांनी कडी काढली आणि त्या चटईवर माझ्याजवळ बसल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी सासू गेली, पोरी. तुला हाक मारायला उठले असते, तर तिचा हात सोडावा लागला असता."

ज्याला इतकी भ्याले, तेच झालं होतं.

नणंद घोडेगावहून आली. आईच्या अंगावर पडून पोटभर रडली आणि मग भरल्या घरात तिने विचारलं, आईच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं? सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मला तोंड वर करवेना. आक्का भिंतीशी बसल्या होत्या, त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"म्या घातलं. तुझी भावजय निजली हुती. मीच निजवली तिला, भाईरून कडी लावून. काय बोल लावायचा त्यो मला लाव."

आक्का नणंदेजवळ गेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वरीसभर तिनंच पाजलं, बाय. माझी निस्ती येक पळी."

नणंद सरकत माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तेव्हा कुठे, सगळ्या घरादेखत, मी सासूबाईंसाठी रडले.